पन्नाशीत नाटक लिहिलं तर घेतील का जी?

आईचा रोल:
झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकात बावीस वर्सं झाली. आधी हिरोईन, मंग वहिनी, आता नुसती आई. दिवाळी ते होळी रोज नवं गाव, बाकी दिवस धानाच्या बांधीत. दोन वर्सांमागं ब्रह्मपुरीकडच्या एका प्रयोगात भर अंकात लाईट गेली. जनरेटर लागेस्तोवर लोक उठले असते, म्हणून अंधारातच मी नवऱ्याच्या कर्जावर बोलत राहिली. घरचंच होतं, पाठ करा लागलं नाही. समोरच्या बाया रडल्या. दुसऱ्या रात्रीपासून तीच वाक्यं नाटकात पक्की झाली, पोस्टरवर नाव लेखकाचं. माझं पाकीट तेवढंच.

आता रोवणीच्या मजुरीचा हिशोब आहे त्याच वहीत मागून सुरू करून तीन अंक लिहिले. वय ४९. कोणाले दाखवू, का हसतील?

इंग्रजीचा मास्तर:
ताई, अमेरिकेची रूथ गॉर्डन बघा. १९१५ मध्ये ब्रॉडवेवर आली. नाटकात नाव झालं, पण सिनेमातल्या अभिनयाचं ऑस्कर मिळालं थेट १९६९ ला, वयाच्या ७२ व्या वर्षी! भूमिका शेजारच्या चौकशीखोर म्हातारीची. मधल्या काळात नवरा गार्सन कॅनिनसोबत पटकथा लिहिल्या, त्यांना तीनदा ऑस्करचं नामांकन. १९४६ मध्ये तिनं स्वतःच्याच घरावर नाटक आणलं: नटी व्हायचा हट्ट धरलेली पोरगी आणि जहाजावर नोकरी केलेला बाप. तुमचं कर्जाचं बोलणं त्याच जातीचं. फरक एवढाच, तिचं नाव पोस्टरवर होतं.

पेटीवाला, वडसा:
मास्तर, ऑस्कर राहू द्या, इथं वडशात नाटक कंपनीवाले गाणी किती ते विचारतात. बाई, वही कोणाच्या हातात देऊ नको. आधी झेरॉक्स काढ, पहिल्या पानावर नाव अन् तारीख टाक, मंग स्वतः वाचून दाखव. वाचताना तुले कोणी हरवणार नाही. रोवणी आटोपली की ये. दिवाळीच्या तोंडावर तालमी लागल्या का इथं कोणाले बोलायची फुरसत नसते. कॉमेडीची जोडी आहे ना?

आईचा रोल:
आहे जी. सोसायटीचा चपराशी अन् त्याची बायको. गाणी दोनच. पण आईले शेवटी मारलं नाही हो. बावीस वर्सं दर नाटकात मरून राहिली मी.

झेरॉक्स वडशालेच काढते. गावात तीन दिवस झाले, लाईट नाही.