एकाच मोकळ्या सकाळी काय पाहता येईल?

कामाच्या दौऱ्यात एकच सकाळ मोकळी मिळते, तेवढ्यात वर्षावनात दुर्मिळ पक्षी दिसेल का, असं तुम्ही विचारलंत. दिसू शकतो, पण त्यासाठी फार चालू नका. आशियात असाल तर फळांनी लगडलेलं वड-उंबराच्या कुळातलं झाड गाठा आणि तिथेच बसून राहा. धनेश आपणहून येतात. मध्य किंवा दक्षिण अमेरिकेत असाल तर लष्करी मुंग्यांची फौज शोधा. तिच्यापुढे जीव घेऊन पळणारे किडे टिपायला अँटबर्ड जमतात, एरवी ज्यांचं नखही दृष्टीस पडत नाही असे!

कर्णा (ट्रोगन) हा पक्षी मात्र इतका निश्चल बसतो की समोर असूनही दिसत नाही. तिथे कानच कामाला येतात, म्हणून निघण्याआधी चार-पाच आवाज तरी पाठ करा. फक्त ते जंगलात मोबाइलवर वाजवू नका, ही कळकळीची विनंती. प्रतिस्पर्धी आला असं समजून पक्षी घरटं सोडून धावून येऊ शकतो.

आणि हेल्मेटेड हॉर्नबिल, म्हणजे धनेशाचीच एक जात, दिसलाच, तर नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका. चोचीवरच्या भरीव शिंगासाठी त्याची शिकार होते. २०१५ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.