पिल्लू कुठून आणलेत? अनुभव धागा

घरी कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरले की पुण्यात पहिली चौकशी होते ती जातीची आणि किमतीची. पिल्लाची आई कुठे आणि कशा स्थितीत आहे, हे क्वचितच कोणी विचारते. श्वान पैदास आणि विक्रीसंबंधीचे नियम २०१७ पासून लागू आहेत. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक असून आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही विनानोंदणी विक्री सर्रास चालते. आपण पिल्लू कोठून आणले आणि आणण्यापूर्वी काय पारखले, ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. ठिकाणांची नावे टाळून पद्धतीविषयी लिहिल्यास अधिक उपयोग होईल.

कोथरूड

आम्हाला लॅब्रॅडॉर हवा होता. एका विक्रेत्याने फोटो पाठवले आणि महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर पिल्लू आणून देण्याची तयारी दाखवली. आई पाहायची आहे असे म्हटल्यावर ती आधी गावी असल्याचे, नंतर आजारी असल्याचे उत्तर मिळाले, म्हणून आम्ही तो विषय तेथेच थांबवला. पुढे ज्यांच्याकडून पिल्लू घेतले त्यांनी किंमत सांगण्यापूर्वी आमचीच चौकशी केली: दिवसभर घरी कोण असते, घर भाड्याचे आहे का, सुट्टीत बाहेरगावी गेल्यास कुत्रे कोण सांभाळेल. पिल्ले तीन-चार आठवड्यांची असताना त्यांनी आम्हाला बोलावले. आई समोर होती, अंगाने भरलेली, हाक मारताच जवळ येणारी. तिच्या खुब्यांचे एक्स-रे दाखवण्यात आले, कारण या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले होते. पुढे कधी कुत्रे सांभाळणे अशक्य झाले तर ते त्यांच्याकडेच परत द्यायचे, ही अट लेखी होती, आणि माझा विश्वास बसला तो या अटीमुळे.

औंध (मी पशुवैद्य आहे)

वरील अनुभवाला थोडी जोड देतो. बाजारात ‘पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. नियमातील आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. मधले दिवस किरकोळ वाटतात, परंतु किती जोरात चावल्यास समोरच्याला दुखते हे पिल्लू याच काळात आई-भावंडांकडून शिकते. लसीकरणाचे कार्ड नीट पाहावे. त्यावर लशीच्या बाटलीवरील बॅच क्रमांकाचे लेबल, तारीख आणि पशुवैद्यांची सही हवी. नुसती बरोबरची खूण पुरेशी नाही. पार्व्होची (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची) लागण झालेले पिल्लू काही दिवस अगदी ठणठणीत दिसू शकते, म्हणून घरी आणल्यावर लगेच तपासणी करून घ्यावी. लशीची मालिका सोळा आठवड्यांपर्यंत चालते. एका डोसावर थांबू नये.

सिंहगड रस्ता

मी रस्त्यावरची अनाथ पिल्ले दत्तक जाईपर्यंत घरी सांभाळते. दिवाळीनंतर गल्लोगल्ली कुत्र्या व्यालेल्या असतात आणि फोन सुरू होतात. आई जवळ असेल तर पिल्ले उचलू नका, असे मी प्रत्येकाला सांगते, कारण ती बहुधा अन्नासाठीच गेलेली असते. दत्तक मागणारे बहुतेक जण नर पिल्लू मागतात आणि माद्या मागे राहतात, याचे मला फार वाईट वाटते. दत्तक देण्याआधी मी घर पाहते, बाल्कनीला जाळी आहे का ते तपासते, घरातील सर्वांची, आजी-आजोबांचीही, संमती विचारते आणि योग्य वयात नसबंदी करण्याचे लिहून घेते. काहींना हा अपमान वाटतो. अशांना मी पिल्लू देत नाही. रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्थांकडे जाणाऱ्यांनीही असे प्रश्न विचारले गेल्यास राग मानू नये.

हडपसर

मुलाचा हट्ट हस्की जातीच्या कुत्र्याचा होता आणि ‘इम्पोर्टेड’ आईबापांची पिल्ले मिळतील, असे आम्हाला सांगण्यात आले. व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर २०१६ मध्ये बंदी घालण्यात आली होती, हे कळल्यावर आम्ही कागदपत्रे मागितली. ती आली नाहीत. शिवाय एप्रिलमधल्या पुण्यात त्या दाट केसांच्या जनावराला कोंडून ठेवणे मनाला पटेना. अखेर सोसायटीच्या आवारात जन्मलेले गावठी पिल्लू, त्याने दूध सोडल्यावर घरी आणले. त्याच वेळी त्याच्या आईच्या नसबंदीची जबाबदारीही आम्ही घेतली, कारण तिच्या पुढच्या वेतातील पिल्लांना घरे मिळतीलच असे नाही. शस्त्रक्रियेनंतर तिला तिच्याच जागी आणून सोडले. महापालिकेच्या परवान्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला लागतो, तेवढा हाताशी ठेवावा.