बिडाच्या जुन्या फायरप्लेसला फिनिश कोणतं?

लीड्सकर: 1890 च्या सुमारास बांधलेल्या घरातल्या दोन फायरप्लेस, दोन्ही बिडाच्या. दिवाणखान्यातली हिवाळाभर धूर न करणाऱ्या कोळशावर पेटते, बेडरूममधली नुसती शोभेची. सुटे भाग कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून रंग काढून घेतला. धातू आता उघडा आहे आणि दोनच दिवसांत कोपरे तांबूस झालेत. काळं ग्रेट पॉलिश (ग्रेट म्हणजे शेगडीची जाळी), 600 अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा मॅट काळा रंग, की वर नुसतं मेण? पानाफुलांची नक्षी बुजायला नको.

ओतीवकाम: फिनिशचं नंतर, आधी कॉस्टिक घालवा. बीड सच्छिद्र असतं. आत राहिलेला क्षार पुढे पांढरा फुलून वर येतो आणि रंगाचे पोपडे काढतो. गरम पाण्याने खळखळून धुवा, मग एक भाग व्हिनेगर दहा भाग पाण्यात घालून त्याने, मग पुन्हा साध्या पाण्याने. लगेच हीट गनने हाताला गरम लागेपर्यंत वाळवा, पण झोत फिरता ठेवा. तांबूस थर तारेच्या ब्रशने काढा, नक्षीत बारीक स्टील वूल वापरा, व्हाइट स्पिरिटने (टर्पेंटाइनसारखं द्रावण) पुसून त्याच दिवशी फिनिश चढवा. रात्रभर ठेवलंत तर गंज परत हजर.

बेडरूमला पॉलिश. ग्राफाइट आणि मेणाचं असतं ते. जुनं नाव ‘ब्लॅक लेड’, पण शिसं त्यात नावालाही नाही. शेंगदाण्याएवढं घेऊन ताठ ब्रशने नक्षीत जिरवा, 10-15 मिनिटांनी बुटाच्या कोरड्या ब्रशने घासा. दोन पातळ हात पुरे. जाड थर कोरडा होतच नाही, येणाऱ्याजाणाऱ्याचे कपडे काळे करतो. उंचवटे चमकतात, खाचा काळ्या राहतात, त्यामुळे नक्षी उलट उठून दिसते.

दिवाणखान्यात फायरप्लेसच्या चौकटीला आणि विस्तवावरच्या बिडाच्या हूडला उष्णतारोधक रंग, 25-30 सेंमीवरून दोन पातळ फवारे. खाली साधा प्रायमर नको, तो जळतो आणि वरचा रंग घेऊन सुटतो. हा रंग पुरता पक्का होतो तो तापल्यावरच. पहिले दोन-तीन विस्तव लहान ठेवा, खिडक्या उघड्या. वास येणारच.

चिमणीचोर: रंगाशी सहमत नाही. रोज पेटणाऱ्या शेगडीला गंज क्वचितच धरतो, धरतो तो उन्हाळ्यात, ती बंद असते तेव्हा. चिमणीतून पाणी ठिबकतं, काजळीत मिसळून आम्ल होतं आणि बीड खातं. एप्रिलमध्ये काजळी खरवडून पॉलिशचा एक हात द्या, चिमणीत हवा खेळती ठेवा. रंग द्यायचाच असेल तर आत्ताच ठरवा. रंगावर पॉलिश बसतं, पॉलिशवर रंग बसत नाही. मग फडकं पांढरं निघेपर्यंत व्हाइट स्पिरिटने पुसत बसावं लागतं.

लीड्सकर: आणि निखाऱ्यांची जाळी? तव्यासारखं तेल मुरवलं तर?

ओतीवकाम: तवा रिकामा चुलीवर राहिला की मुरलेलं तेल जळून तो पांढुरका पडतो ना, तेच होईल. रंगही तिथे जळून करडा होतो. जाळी उघडीच ठेवा, हंगामाआधी एकदा पॉलिश फिरवा.

जवसतेल: मेण फक्त बेडरूमला चालेल. मधमाश्यांचं मेण 62-64 अंशांना वितळतं, दिवाणखान्यात ओघळेल. उकळलेलं जवसाचं तेलही बेडरूमलाच, तेही लावून लगेच पुसून काढायचं, नाहीतर चिकट कवच धरतं. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा. कोपऱ्यात जुना रंग राहिला असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

मागची बाजूही बघून घ्या. ओतीव शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असेल तर ती ब्रिटिश डिझाइन नोंदणीची, 1842 ते 1883 मधली. नुसता ‘आरडी’ आणि आकडा असेल तर 1884 नंतरची. तिथे ग्राइंडर फिरवू नका.