आठवीच्या मुलीला ऑनलाइन शाळेत घालू का?

हर्णैकर: आमच्या वाडीची शाळा सातवीपर्यंतच, पुढची ९ किलोमीटरवर आणि एसटी कधी येते कधी नाही, मुलगी आठवीत जाणार आता. मेहुणा म्हणतो ऑनलाइन घाल, पुढे एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा मंडळातून शाळेत न जाता दहावी देता येते. सरकारच्या दीक्षा ॲपवर सगळे धडे आहेत, आता तर डिग्रीसुद्धा ऑनलाइन मिळते मग आठवीला काय हरकत? मला तरी पटतंय.

राजापूरची बाई: दादा, नका घालू, कळकळीने सांगते. २०२० चा जून आठवा, ३ तारखेला निसर्ग वादळ आलं, तुमच्याकडे दापोलीत किती दिवस लाईट नव्हती आणि त्यातच ऑनलाइन वर्ग चालू झाले. आमच्याकडची पोरं रेंजसाठी सड्यावर छत्री धरून बसायची. शाळा उघडली तेव्हा तिसरीतली एक पोर पेन्सिल मुठीत धरून लिहीत होती, 'ळ' काढता येईना, तिचा हात हातात धरून महिनाभर गिरवून घेतला मी. हे मोबाईल करणार नाही.

देवगडवाला: बाई, तो लॉकडाऊन होता हो, तयारी कुणाचीच नव्हती, त्यावरून आजचं ठरवू नका. माझी भाची बीएस्सीला आहे, कॉलेजात जो विषय शिकवायला माणूस नाही तो ती स्वयमवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर करते. २०२१ पासून सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत विषय तसे घेता येतात. नाहीतर पुण्याला खोली घेऊन राहावं लागलं असतं, कुणाला परवडतं?

राजापूरची बाई: भाचीचं पटलं, ती मोठी आहे, स्वतःहून बसते अभ्यासाला. पण आठवीची पोर घरात असली की आई हाक मारणारच, मासळी वाळत घाल, धाकट्याला बघ. वर्ग चालू आणि ही चुलीपाशी, पाहिलंय मी. फोनही बाबा कामावर घेऊन जाणार. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे दादा, गाडी मागा ना!

देवगडवाला: आणि गाडी नाहीच दिली तर? वर्ष फुकट घालवायचं पोरीचं? तोपर्यंत ऑनलाइन तरी चालू ठेवा.

हर्णैकर: चुलीचं वाचून बायको गप्पच झाली, म्हणाली खरं आहे. वाडीत आठवीला जाणाऱ्या अजून चौघी आहेत, आज रात्री त्यांच्या घरी जाऊन सह्या घेतो, सोमवारी डेपोत अर्ज.