कॉइलच्या एकाच वाटेत हीलियमचा प्रवाह कमी: ओलावा कसा काढावा? मदत हवी आहे

नायोबियम-टायटॅनियम या अतिवाहक मिश्रधातूच्या केबल-इन-कंड्युइट वाहकाची (धातूच्या नळीत बसवलेली केबल, तिच्या तारांमधून हीलियम वाहतो) चाचणी कॉइल आहे. हीलियमच्या चार समांतर वाटा, प्रत्येकी सुमारे २०० मीटर. आत येणारा सुपरक्रिटिकल (जास्त दाबामुळे न उकळणारा) हीलियम ४.५ केल्विन, ४ बार. करंट अजून दिलेला नाही, त्यामुळे चुंबकीय बलाने केबल सरकल्याची शंका नको.

खोलीच्या तापमानाला चारही वाटांचा प्रवाह ५ टक्क्यांच्या आत जुळतो. थंड करताना २०० केल्विनच्या खाली तिसरी वाट मागे पडू लागते आणि शेवटी इतरांच्या ६० टक्क्यांवर थांबते. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या हीलियमचे तापमान ५.१ केल्विन, बाकीच्यांचे ४.९. प्रवाह गुणिले एन्थाल्पीतील (वायूतील उष्णता-ऊर्जेतील) फरक काढला तर उष्णतेचा भार चारही वाटांत जवळपास सारखाच येतो. म्हणजे बाहेरून जास्त उष्णता शिरत नाही, वाटच चोंदते आहे.

१२० केल्विनपर्यंत तापवून हीलियम फिरवला, फरक शून्य. नायट्रोजन ६३ केल्विनला गोठतो, ऑक्सिजन ५४ ला; दोन्ही तेव्हाच निघून जायला हवे होते. उरतो पाण्याचा बर्फ. प्रेशर टॅप (दाब मोजायची छिद्रे) आणि व्हेंच्युरी (प्रवाहमापक) तपासले, ठीक आहेत. फिल्टर चौघांचा एकच, म्हणून दोष त्याचा नाही.

अडचण अशी की इपॉक्सीमुळे ३३० केल्विनच्या वर जाता येत नाही आणि इतक्या लांब, अरुंद वाटेतून नुसत्या व्हॅक्यूम पंपाने ओलावा ओढणे फार संथ आहे. (प्रत्येक वाटेला वेगळा व्हॉल्व्हही नाही.)

अशा वेळी सलग कोरडा हीलियम फिरवावा की भरणे-उपसणे आलटून पालटून करावे? आणि बाहेर पडणाऱ्या वायूचा दवबिंदू किती खाली गेल्यावर पुन्हा थंड करायला घ्यावे?