नजरचूक, हयगय, कसूर : फरक नेमका कुठे?

बाबांच्या सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आरचे १ हेक्टर २६ आर झाले. जुना हस्तलिखित उतारा संगणकावर चढवताना दोन आकडे उलटले, बाकी काही नाही. पण पीककर्ज क्षेत्रावर बसतं, त्यामुळे एकराला थोडं कमी एवढं वावर कर्जाच्या हिशेबातून गायब. दुरुस्तीच्या अर्जात मी लिहिलं, 'हयगयीमुळे'. कार्यालयातल्या बाबूंनी ते खोडायला लावलं आणि 'नजरचुकीने' लिहून घेतलं. म्हणे, "हयगय म्हंजे आमच्यावर आरोपच झाला ना, बाप्पा!" नजरचूक, अनवधान, हयगय, कसूर यांत फरक काय मानायचा?

प्रतिसाद, दारव्ह्याहून

बाबूंचा कान तयार आहे. प्रत्येक शब्दाआधी 'माझी' लावून पाहा. 'माझी नजरचूक झाली' सहज निघतं. 'माझ्याकडून अनवधानाने राहून गेलं' हेही निघतं, फक्त इस्त्री करून. 'माझी हयगय झाली' म्हणताना जीभ अडते, आणि 'मी कुचराई केली' असं आपणहून सांगणारा मी तरी पाहिलेला नाही. हे शब्द दुसऱ्याने आपल्याला लावायचे असतात. नोटीस 'कर्तव्यात कसूर' म्हणून येते, खुलासा 'अनवधानाने' म्हणून जातो. प्रकरण तेच, टेबलाची बाजू वेगळी.

प्रतिसाद, दर्यापूरहून

नामांचं राहू द्या, आपला निवाडा क्रियापदातच होऊन जातो. ढोर 'सुटलं' आणि ढोर 'सोडलं'. शेजाऱ्याच्या तुरीत बैल शिरला की बांधावरचं निम्मं भांडण या दोन अक्षरांवर चालतं. "म्या सोडला नाही, दावं तुटलं" हा बचाव. त्यावर समोरचा म्हणतो, "दावं कुजलं होतं थे दिसत नोतं का तुले?" इथे नजरचुकीची हयगय झाली. कुजलेलं दावं रोज हाताखालून जात होतं, म्हणजे दिसायला वाव होता.

तसंच 'माझ्या हातून'. 'मी काच फोडली' आणि 'माझ्या हातून काच फुटली'. दुसऱ्या वाक्यात हात माझाच, पण मन त्यात नव्हतं.

(कोंडवाड्याला मात्र मनाशी घेणं नाही. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात बैल सुटला की सोडला हे विचारत बसत नाहीत. दंड आणि चारापाण्याचा खर्च भरा, बैल न्या.)

उपप्रतिसाद

'हातून' म्हणजे नेहमी चूकच असं नाही हं. 'त्याच्या हातून पुण्य घडलं' म्हणतोच की. श्रेय घेणं टाळायचं असो की दोष, कर्त्याने अर्धं पाऊल मागे घ्यायचं, एवढंच त्याचं काम.

प्रतिसाद, तालुका कोर्टात लेखनिकी केलेल्याचा

कायद्याच्या मराठीत हयगय हा ठरलेला शब्द आहे. हयगयीने मृत्यूस कारण होणे, हे जुन्या दंडसंहितेचं कलम ३०४-अ. शिक्षा २ वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती सर्वसाधारणपणे ५ वर्षांपर्यंत गेली. हेतू नसला तरी हयगय उरते, हा मुद्दा.

गंमत 'सद्भावपूर्वक' या शब्दाची. १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमात (कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा) प्रामाणिकपणे केलेली गोष्ट सद्भावपूर्वकच, मग ती हयगयीने का केलेली असेना. जुनी दंडसंहिता म्हणायची, आणि आता न्याय संहिताही म्हणते, योग्य काळजी घेतली नसेल तर सद्भाव नाहीच. शब्द एक, मापं दोन. साहेबांच्या खुलाशांत बहुतेकदा पहिलं माप वापरलेलं असतं.

तुमच्या कामाचं कलम मात्र वेगळं : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती. चूक कोणाची हे ते विचारत नाही, ती नीट करायला सांगतं. जुना हस्तलिखित उतारा जोडा. तिथे 'हयगय' लिहून उपयोग शून्य, बाबू रुसेल ते वेगळं.

प्रतिसाद, दारव्ह्याहून पुन्हा

'लेखनप्रमाद'! आमच्या विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलात 'पमादट्ठाना' येतं, तोच हा प्रमाद. तिथे अर्थ बेसावधपणा, भान सुटणं. मद्यापासून दूर राहायचं ते म्हणूनच. एवढा भारी शब्द, आणि महसुलात आकडा उलटण्यापुरता उरला. नजरचुकीत दोष डोळ्यावर जातो, प्रमादात तो माणसावर येतो. बाबूंनी खोडला तो शब्द कलमाच्या नावात बसलेल्या शब्दापेक्षा मऊच होता, हे त्यांना सांगू नका.

मूळ प्रश्नकर्ता

सांगत नाही. अर्ज 'लेखनप्रमाद' लिहून नव्याने दिला, बाबूंनी वाचून मान डोलावली. घरी बाबांना ही सगळी चर्चा वाचून दाखवली. ते पऱ्हाट्या मोळीत बांधत होते. म्हणाले, "सुटलं का सोडलं थे मंग पाह्यजा. पयले बैल तुरीतून बाहेर काढा."