परियत्ति, पटिपत्ति आणि आपला ‘अभ्यास’

बौद्ध धम्मावरच्या एका छोट्या पुस्तिकेचं मराठी करतोय. त्यात एक वाक्य अडलंय: ‘भिक्षू ग्रंथांचा अभ्यास संपवून ध्यानाच्या अभ्यासाकडे वळतो.’ म्हणजे अभ्यासाकडून अभ्यासाकडे! मूळ पाली शब्द अनुक्रमे परियत्ति आणि पटिपत्ति. मराठीत ‘अभ्यास’ म्हटलं की दप्तर आणि ‘झाला का रे अभ्यास?’ एवढंच ऐकू येतं. तुकोबांच्या ‘कारण अभ्यास’मधला अभ्यास सरावाचा, पण तो अर्थ आता बोलण्यात कुठे राहिलाय? पटिपत्तीला काय म्हणू? साधना, सराव, आचरण?

प्रतिसाद:
दोन्ही शब्द तसे घरचेच आहेत. परियत्ति म्हणजे संस्कृत पर्याप्ति, आपल्या ‘पर्याप्त’चं भावंड. पालीत त्याला ‘शिकून पदरात पाडून घेतलेलं’ असा अर्थ आला; ‘परियापुणाति’ हे शिकण्याचं, पाठ करण्याचंच क्रियापद. पटिपत्ति म्हणजे प्रतिपत्ति, ‘पद्’ धातूची. वाटेला लागणं. ‘मज्झिमा पटिपदा’ म्हणजे बुद्धाचा मध्यम मार्ग, त्यातली पटिपदा हीच, आणि आपला पाडवा आला तोही प्रतिपदेवरूनच. (गुढी उभारताना मध्यम मार्ग आठवायचा का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.) ‘आचरण’मध्येही चालणं आहे, म्हणून माझं मत आचरणाला. ‘साधना’ नको, त्याला मंत्र-सिद्धीचा वास येतो.

प्रतिसाद:
वास कसला? इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात बसणाऱ्याला साधकच म्हणतात, एकदा बसून आला की ‘जुना साधक’. शब्द तिथे रुळलाय. उलट ‘आचरण’ म्हणजे मराठीत वागणूक, त्यात शील येईल पण समाधी निसटेल.

मात्र मूळ वाक्यातच एक घोळ आहे. पटिपत्ति म्हणजे नुसतं ध्यान नव्हे. अट्ठकथेत, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेत, पटिपत्तीच्या यादीत 13 धुतांगं (भिक्षूंची कडक व्रतं), 14 खंधकवत्तं आणि 82 महावत्तं आहेत, शिवाय शील, समाधी, विपश्यना. वत्त म्हणजे विहारातली रोजची कर्तव्यं. आलेल्या भिक्षूचं स्वागत, आचार्यांची सेवा, अगदी शौचकूप कसा वापरायचा आणि स्वच्छ कसा ठेवायचा हेसुद्धा. डोळे मिटून बसण्याला वेगळा शब्द आहे: भावना. तो मराठीत ठेवला तर वाचक हळवा होईल! पण वैद्यांना विचारा. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाची भावना देतात. भिजवायचं, खलायचं, सुकवायचं, पुन्हा भिजवायचं. पालीतल्या भावनेचा अर्थ ‘वाढवणं, घडवणं’, आणि तो आपल्या हळवेपणापेक्षा या खलबत्त्याच्या कितीतरी जवळ आहे.

प्रतिसाद:
मला ‘संपवून वळतो’ खटकतंय. धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिलीच गोष्ट चक्खुपालाची. प्रव्रज्या (भिक्षूची दीक्षा) घेतल्यावर तो विचारतो, या शासनात, म्हणजे बुद्धाच्या शिकवणीत, धुरा किती? उत्तर मिळतं, दोन: गंथधुर (ग्रंथांची) आणि विपस्सनाधुर (विपश्यनेची). तो म्हणतो, मी उतारवयात आलो, गंथधुर पेलायचं नाही, विपस्सनाधुरच घेतो. म्हणजे ही पहिली-दुसरी इयत्ता नाही, धुरा आहे. मराठीत आपण ‘धुरा सांभाळली’ म्हणतो तीच. ज्याला जी झेपेल ती त्यानं खांद्यावर घ्यायची. शिबिराच्या 10 दिवसांत वाचायला-लिहायला बंदी असते, वही-पेनसुद्धा जवळ ठेवता येत नाही. आणि त्याच इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यास या संस्थेनं अख्खं तिपिटक, म्हणजे मूळ पाली ग्रंथ, नागरीत छापलंय!

मूळ प्रश्नकर्ता:
पण धम्मपदातला गुराखी? खूप संहिता म्हणतो पण तसं वागत नाही, तो दुसऱ्यांच्या गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखा. हा ग्रंथांवरचा टोलाच ना?

प्रतिसाद:
टोला ‘पमत्त’ माणसाला आहे, गाफिलाला. पुढचीच गाथा वाचा: थोडंच म्हणणारा पण धम्माप्रमाणे चालणारा, तो श्रामण्याचा, म्हणजे भिक्षुजीवनाचा, भागीदार. थोडं तरी म्हणावं लागतंच की.

मूळ प्रश्नकर्ता:
ठीक. मग असं करतो: ‘भिक्षूने ग्रंथांची धुरा उतरवून भावनेची धुरा घेतली.’ भावनेला तळटीप देईन, खलबत्त्यासकट. आता पुढच्याच ओळीत ‘पटिवेध’ आहे, म्हणजे सत्य भेदून आरपार जाणणं. कान टोचण्यातला ‘कर्णवेध’ चालेल, पण ग्रहणाचे ‘वेध’ आड येतायत. कुणाला काही सुचतंय का?